बायकांना सगळं कळतं, विचारतं कोण?

मंडळी, आज एक छोटासा क्विझ. मराठीतला एखादा डिटेक्टिव्ह पटकन आठवा. वेळ फक्त दहा सेकंद.

जमलं ना? घरात आजोबा असतील तर त्यांचं उत्तर झुंजार नाहीतर काळापहाड. आई-बाबांच्या कॉलेजच्या दिवसांतले दारा बुलंद आणि बॅरिस्टर अमर विश्वास. शाळेच्या सुट्टीत कपाटं उपसली असतील तर आपला फास्टर फेणे. आणि टीव्हीवाल्या जनतेसाठी एसीपी प्रद्युम्न. तो बोलतो हिंदीत, पण शिवाजी साटम आपलेच की!

आता दुसरा राउंड. एक बाई सांगा. हिरोची बायको नको, सेक्रेटरी नको, असिस्टंट नको. केस जिची स्वतःची आहे, अशी बाई.

अडलात ना? मीही अडले होते.

गेले दोन-तीन महिने हाच प्रश्न मी भेटेल त्याला विचारतेय. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, जिममध्ये, सोसायटीच्या लिफ्टमध्ये आणि थेट ढाणकीच्या ओट्यावर. ढाणकी म्हणजे माझं आजोळ. यवतमाळ जिल्हा, उमरखेड तालुका. पैनगंगा ओलांडली की पलीकडे नांदेड जिल्हा. तिथे माझी मावशी राहते. या कॉलमातली सगळ्यात कडक समीक्षक आज तीच आहे, पण तिच्याकडे जरा नंतर येऊ.

निमित्त झालं एका इंग्रजी सिरीजचं. सुजाता मॅसी या लेखिकेची पेरवीन मिस्त्री. २०१८ साली पहिलं पुस्तक आलं, ‘द विडोज ऑफ मलबार हिल’. मग २०१९, २०२१ आणि २०२३ मध्ये पुढची तीन. काळ १९२१ चा, शहर मुंबई, नायिका पारशी. वडिलांच्या सॉलिसिटर फर्ममध्ये काम करणारी तरुण वकील. कोर्टात उभं राहायची तिला परवानगी नाही, कारण बायकांना ती तेव्हा नव्हतीच. मी चारही पुस्तकं एका दमात संपवली, ऑफिसमध्ये चार जणींच्या गळ्यात मारली आणि मग सुरू झाली मतामतांची आतषबाजी.

किटी, गप्प बस!

पण आधी थोडा फ्लॅशबॅक. आपल्याकडे रहस्यकथांचा दुष्काळ कधीच नव्हता. बाबुराव अर्नाळकरांनी एकट्याने हजारावर रहस्यकथा लिहिल्या. गुरुनाथ नाईकांचा आकडाही हजाराच्या पलीकडचा. सुहास शिरवळकरांची पुस्तकं तर लायब्ररीत फाटेपर्यंत फिरली. म्हणजे लिहिणारे होते, छापणारे होते आणि वाचणारे तर खंडीभर होते. या वाचणाऱ्यांत बायका किती असतील? माझ्या आजीने दुपारची झाकपाक झाली की झुंजार हातात घेतला नाही, असा दिवस तिच्या मुलींना आठवत नाही.

त्या झुंजारला बायको होती, विजया. हुशार, धीट, नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावणारी. पण पुस्तक झुंजारचं. १९८५ मध्ये दूरदर्शनवर ‘करमचंद’ आली. गाजर खाणारा पंकज कपूर आणि त्याची असिस्टंट किटी, म्हणजे सुश्मिता मुखर्जी. किटीचं काम काय? तोंड उघडायचं आणि गप्प बसायला सांगून घ्यायचं. अख्खा देश हसला. आम्हीही हसलोच की. आता रिपीट बघताना लक्षात येतं की ती बिचारी अधूनमधून अगदी मुद्द्याचं बोलत असते.

मराठीत खऱ्या अर्थाने केस आपल्या हातात घेणारी बाई घराघरात पोहोचली ती २०१४ मध्ये, झी मराठीवरच्या ‘अस्मिता’मधून. मयूरी वाघने साकारलेली ही डिटेक्टिव्ह प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली. माझ्या सासूबाई तिच्या पक्क्या फॅन. त्यांचं मत एका वाक्यात: “ती कुणाची परवानगी मागत नव्हती, ते मला आवडायचं.” पुढे काही विचारणार तोवर त्या उठून कुकर बंद करायला गेल्या. असो.

आपले शेजारी बंगाली मात्र या बाबतीत फारच पुढे. प्रभावती देवी सरस्वतींनी कृष्णा नावाची मुलगी डिटेक्टिव्ह म्हणून उभी केली त्याला सत्तरेक वर्षं झाली. पुढे सुचित्रा भट्टाचार्य यांनी लिहिली मितीन माशी. माशी म्हणजे मावशी! हाताखाली भाची, घरी नवरा आणि मुलगा, आणि कोलकात्यातल्या केसेस. २०१९ मध्ये तिच्यावर सिनेमाही आला. बंगाल्यांनी मावशीला डिटेक्टिव्ह केलं आणि आपण मावशीला काय केलं? पापड लाटायला बसवलं.

स्लो आहे यार!

तर आता मतं. हिंजवडीतला माझा एक सहकारी, शेरलॉकचा भक्त. त्याला मी पेरवीन दिली, वर कल्पना स्वामिनाथन यांची लल्लीही दिली. लल्ली म्हणजे मुंबई पोलिसांतून रिटायर झालेली, साठी ओलांडलेली डिटेक्टिव्ह. ‘द पेज थ्री मर्डर्स’ हे २००६ चं पुस्तक त्यातलं सगळ्यात गाजलेलं. आणि लिहिणाऱ्या बाई स्वतः सर्जन, त्यामुळे मढं कापायचा हिशेब एकदम चोख. पठ्ठ्याचा निकाल दोन दिवसांत आला: “स्लो आहे यार. बायका बसतात, चहा पितात, बोलतात. चेस कुठंय? फाइट कुठंय?”

दुसरं मत माझ्या कोथरूडच्या मैत्रिणीचं. ती स्वतः वकील. तिला पेरवीन जबरदस्त आवडली, पण तक्रार उलटी: “हिच्या संसाराचं रामायण इतकं कशाला? झुंजारला कधी कुणी विचारलं का, तुझं लग्न कसं चाललंय?” पॉइंट आहे.

तिसरं मत जिममधल्या एकीचं. ती म्हणाली, बाई डिटेक्टिव्ह दाखवायची म्हटलं की दोनच मॉडेल्स. एकतर लेदर जॅकेट घालून लाथा मारणारी, नाहीतर स्वेटर विणणारी म्हातारी. आपल्यासारख्या कुठे गेल्या? ईएमआय भरणाऱ्या, सासूला दवाखान्यात नेणाऱ्या, रिक्षावाल्याशी भांडणाऱ्या?

स्वेटर विणणारी म्हातारी म्हणजे अर्थातच मिस मार्पल. अगाथा ख्रिस्तीने तिला १९२७ मध्ये एका कथेत आणलं आणि १९३० मध्ये पहिल्या कादंबरीत. एकूण कादंबऱ्या १२. सेंट मेरी मीड नावाच्या खेड्यात ती राहते, बागेतलं तण उपटते, शेजारपाजाऱ्यांच्या भानगडींवर नजर ठेवते आणि स्कॉटलंड यार्डचे साहेब डोकं खाजवत असतात तेव्हा खुनी कोण ते सांगून मोकळी होते. तिची मेथड म्हणाल तर एकच. माणूस इथूनतिथून सारखाच. लंडनचा लॉर्ड आणि गावातला खाटीक यांच्या खोटं बोलण्यात तिला काडीचाही फरक दिसत नाही.

हीच मिस मार्पल मी ढाणकीला घेऊन गेले.

ओट्यावरचं कोर्ट

जानेवारीचे दिवस होते. तुरीच्या ओल्या शेंगांचा ढीग पुढ्यात. मावशी, शेजारच्या दोघी-तिघी आणि मी. शेंगा सोलता सोलता मी एकेक केस सांगत गेले. पुस्तकं इंग्रजी, त्यामुळे भाषांतर जागच्या जागी. विकारेजमधल्या खुनाची गोष्ट सांगायला घेतली तर कोण पाद्री आणि कसला विकारेज हे समजावण्यातच अर्धी पाटी शेंगा संपल्या. पण एकदा माणसं कळली, की मग त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

“तो पहिल्याच दिशी काऊन कबूल झाला? इतकं सोपं असते का?”

“अन् ते बाई सारखी सारखी तिथंच काऊन दिसते सगळ्यांले?”

निम्म्या गोष्टीत त्यांनी खुनी पकडला. शप्पथ सांगते, मला हे पुस्तक शेवटच्या चॅप्टरपर्यंत कळलं नव्हतं.

मी मावशीला विचारलं, कशी वाटली म्हातारी? मला वाटलं, आवडली म्हणेल. तिने शेंग सोलली, दाणे पातेल्यात टाकले आणि म्हणाली, “हुशार हाये. पण नशीबवान जास्त हाये. तिथला इन्स्पेक्टर तिचं ऐकून तरी घेते. आमच्याइथं इतकं ठावूक असते बायकायले. कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोणाच्या सुनेच्या हातात बांगडी राहिली नाही, कोण उमरखेडले कशाले गेलं. सगळं ठावूक असते. पण विचारते कोण?”

सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. मग त्यांच्यातली एक, इतका वेळ गप्प बसलेली, बोलायला लागली. तिच्या नात्यातल्या एका बाईची गोष्ट. नाव-गाव मी मुद्दाम लिहीत नाही.

त्या बाईच्या नवऱ्याने आत्महत्या केली. यवतमाळ जिल्ह्याचं नाव गेली वीसेक वर्षं ज्या बातम्यांत येतं, त्यातलाच एक. अशा कुटुंबाला सरकारची १ लाखाची मदत मिळते, पण आधी केस ‘पात्र’ ठरावी लागते. त्यासाठी जमिनीची कागदपत्रं लागतात. कर्ज लागतं, आणि तेही बँकेचं, सोसायटीचं नाहीतर परवानावाल्या सावकाराचं. ते थकलेलं असावं लागतं, वसुलीचा तगादा असावा लागतो. म्हणजे माणूस गेल्यावर तो कशाने गेला, याचा पुरावा घरच्यांनी जमवायचा. आणि घरच्यांनी म्हणजे बहुतेक वेळा त्याच्या बायकोने, जिला नवऱ्याने व्यवहारातलं कधी काही सांगितलेलंच नसतं.

दीर म्हणाला, कर्ज खाजगी होतं, कागद काही नाही. केस अपात्र ठरली. वर दिराने एक कोरा कागद पुढे केला, यावर सही कर, जमिनीचं मी बघतो म्हणून. बाई आठवी शिकलेली. तिने सही केली नाही. घरातली पत्र्याची पेटी उपसली. खताच्या, बियाण्याच्या पावत्या तारखेप्रमाणे लावल्या. त्यात तिला दिसलं की एका मोसमात खत उधारीवर नाही, रोख घेतलंय. रोख आली कुठून? त्या महिन्यात कापूस विकलेला नव्हता, सोनं तर तिच्या अंगावरच होतं. मग कुणीतरी दिले असणार. शोधता शोधता लग्नपत्रिकांच्या पिशवीत सोसायटीची थकबाकीची नोटीस सापडली. नवऱ्याने घडी घालून लपवून ठेवलेली. ती घेऊन ती परत कचेरीत गेली. तीन खेपा झाल्या. केस पुन्हा उघडली आणि पात्र ठरली.

गोष्ट सांगून झाली. कुणी काही बोललं नाही. शेंगा सोलण्याचा तेवढा आवाज.

मलबार हिल ते पैनगंगा

आता जरा पेरवीनचं पहिलं पुस्तक आठवा. एक श्रीमंत मिलमालक वारतो. त्याच्या तीन विधवा मलबार हिलच्या बंगल्यात पडद्यात राहतात. तिघींनी आपला वारसा दान करायचा ठरवल्याचं पत्र वकिलांकडे येतं, सह्यांसकट. पेरवीनला त्या सह्यांचाच वास येतो. या बायकांना आपण काय लिहून देतोय ते कुणी सांगितलंय का? ते विचारायला कुठलाही पुरुष पडद्याआड जाऊ शकत नाही. ती जाऊ शकते. केस सुटायला सुरुवात होते ती तिथे.

हे नुसतं कल्पनेतलं नाही. पेरवीनच्या मागे एक खरी बाई उभी आहे, कॉर्नेलिया सोराबजी. जन्म १८६६, नाशिक. शिक्षण पुण्यात. ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकणारी पहिली बाई. १८९२ मध्ये परीक्षा दिली, पण तेव्हा ऑक्सफर्ड बायकांना डिग्री देत नसे. ती हातात पडली १९२२ मध्ये, तीस वर्षांनी! मधल्या काळात त्यांनी काय केलं? १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये पडद्यातल्या बायकांच्या इस्टेटींचं काम. बंद दरवाजाआड जाऊन बसायचं, बोलायचं, ऐकायचं आणि कोण कुणाला फसवतंय ते हुडकून काढायचं. चहा प्यायचा, बोलायचं. हो, माझ्या हिंजवडीच्या मित्राला जे स्लो वाटलं, तेच!

आणि खऱ्या डिटेक्टिव्ह हव्या असतील, तर आपल्या रजनी पंडित आहेतच. १९९१ मध्ये मुंबईत स्वतःची एजन्सी सुरू करणाऱ्या. एका केससाठी त्या कित्येक महिने संशयिताच्या घरी मोलकरीण म्हणून राहिल्या होत्या. विचार करा, एखादा सूटबूटवाला जेम्स बॉण्ड हे करू शकला असता? झाडू मारणाऱ्या बाईकडे कुणी बघत नाही. तिच्यासमोर माणसं खुशाल फोनवर बोलतात. मिस मार्पलच्या सुयांकडेही कुणी बघत नाही. या सगळ्याजणींचं हत्यार एकच. आपल्याला कुणी मोजत नाही, हे त्यांना पक्कं माहीत आहे.

म्हणून मला वाटतं, स्लो की फास्ट, जॅकेट की स्वेटर, हा वादच फसवा आहे. बाई डिटेक्टिव्हच्या पुस्तकात खरी मजा खुनी सापडतो तेव्हा येत नाही. ती त्याच्या जरा आधी येते. दिवाणखान्यात सगळे जमलेत, इन्स्पेक्टर, जमीनदार, डॉक्टर, आणि ती म्हातारी घसा साफ करते. सगळे गप्प होतात. ऐकतात. तेवढ्या एका पानासाठी आम्ही बायका तीनशे पानं वाचतो. माझी आजी झुंजार वाचताना अशाच पानाची वाट बघत असेल का, विजयाच्या तोंडून? विचारायचं राहून गेलं.

आणि हे फक्त ढाणकीचं दुखणं नाही बरं का. गेल्याच महिन्यात आमच्या मीटिंगमध्ये एका ज्युनियर मुलीने सांगितलं की व्हेंडरच्या बिलात एकच आकडा दोनदा आलाय. “हं, बघू” म्हणून विषय पुढे गेला. वीस मिनिटांनी एका सीनियरने तेच सांगितलं आणि सगळे म्हणाले, “ग्रेट कॅच!” ती मुलगी माझ्याकडे बघून हसली. तुमच्याकडेही होतं ना हे? कळवा मला.

एक मराठी सिरीज हवी

तर लेखक मंडळी, प्रकाशक मंडळी आणि वेब सिरीजवाले मित्रहो, एक नम्र विनंती. आम्हाला एक बाई डिटेक्टिव्ह हवी आहे, आणि ती मुंबई-पुण्याची नको. तालुक्याच्या गावची द्या. कॅण्डिडेट्स मी सुचवते. आशाताई घ्या. २००५ पासून ही योजना आहे, गावातल्या प्रत्येक घरात तिला प्रवेश आहे आणि हातात रजिस्टर आहे. कोण आजारी, कोण बाळंत, कोणाच्या अंगावर वळ, तिला सगळं दिसतं. बचत गटाची अध्यक्ष घ्या. कोणाचा हप्ता कधी थकला आणि का थकला, ते तिला बँकेच्या आधी कळतं. एसटीची लेडी कंडक्टर घ्या. कोण कुणाबरोबर कुठे उतरलं, तिकिटासकट पुरावा!

तोपर्यंत या वीकएण्डला लल्ली वाचा, पेरवीन वाचा. इंग्रजीचा कंटाळा असेल तर अगाथाबाई मराठीतही मिळतील. मधुकर तोरडमलांनी त्यांच्या कितीतरी रहस्यकथा मराठीत आणल्या. आणि एक काम नक्की करा. वाचलेली केस घरातल्या मावशीला, आत्याला, कामाला येणाऱ्या ताईंना सांगा. शेवट सांगू नका. खुनी कोण, ते त्यांना विचारा. आणि मग त्या जे सांगतील ते मध्ये न तोडता ऐका. हा माझा चॅलेंज आहे.

ढाणकीच्या ओट्यावर तर काम सुरूही झालंय. परवा मावशीचा फोन आला. आशाताई आणि बचत गट यांत अजून एकमत नाही, दोन्हीकडून जोरात लॉबिंग चाललंय. नायिकेचं नाव ठरायचंय. पण पहिली केस पक्की झाली: सोसायटीच्या वहीतलं एक पान फाटलंय, आणि ते फाटलं त्या दिवशी कचेरीला कुलूप होतं.